एकशे चौतीस दिवस : विधानसभा अध्यक्षांना कागवाडच्या मतदाराचे खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
कर्नाटक विधानसभा,
विधानसौध, बेंगळुरू.

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी विधानसभा बेळगावला येते, तेव्हा सुवर्ण विधानसौधाच्या आसपास आंदोलकांचे तंबू उभे राहतात आणि निवेदनांचे गठ्ठे मंत्र्यांच्या हाती पडतात. त्या इमारतीविषयी सीमाभागातील मराठी माणसाच्या मनात काय आहे, हे अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी होणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याच्या हाकेवरून आपणास ठाऊक आहेच. तो विषय आजचा नाही. आज मी भाषेच्या प्रश्नावर लिहीत नसून, ज्या एका बाबतीत इथल्या मराठी आणि कन्नड मतदाराची गत अगदी सारखीच झाली, त्या बाबतीत लिहीत आहे.

मी बेळगाव जिल्ह्यातील कागवाड मतदारसंघाचा मतदार आहे. चौतीस वर्षे मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन संविधानाला दहावे परिशिष्ट जोडले गेले, तेव्हा मी नोकरीत नवा होतो आणि पक्षांतराला आता आळा बसणार, असे मोठ्या विश्वासाने वर्गात सांगत होतो. हरियाणातील गयालाल यांनी १९६७ मध्ये अवघ्या पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि त्यावरून ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, ही गोष्ट सांगितली की मुले हसत. कुठल्यातरी दूरच्या राज्यातली, जुन्या काळातली गंमत म्हणून ती हसत. पुढे आमच्याच मतदारसंघाच्या आमदाराचे नाव या विषयावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला लागेल, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर मीही हसलो असतो.

मे २०१८ च्या निवडणुकीत श्रीमंत पाटील काँग्रेसच्या उमेदवारीवर कागवाडमधून निवडून आले. त्यांनी भाजपचे तत्कालीन आमदार राजू कागे यांचा पराभव केला. राज्यात भाजपला १०४ जागा मिळाल्या, पण बहुमत मिळाले नाही, आणि काँग्रेस व निजदने (निधर्मी जनता दलाने) मिळून कुमारस्वामी यांचे सरकार बनवले. चौदा महिन्यांत ते डळमळले. जुलै २०१९ मध्ये आमदारांचे राजीनामे पडू लागले, उरलेल्यांना बेंगळुरूजवळच्या रिसॉर्टमध्ये ठेवण्यात आले, आणि विश्वासदर्शक ठरावावर चर्चा सुरू व्हायच्या आदल्या रात्री आमचे आमदार तिथून निघून चेन्नईमार्गे मुंबईला पोहोचले. छातीत दुखत असल्याने रुग्णालयात दाखल झालो, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णालयातील त्यांचे छायाचित्र सभागृहात दाखवले गेले. माणसाच्या दुखण्याविषयी शंका घेण्याचा अधिकार मला नाही आणि ती घेण्याची इच्छाही नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की आमचा आमदार कुठे आहे, हे आम्हाला आठवडाभर दूरचित्रवाणीवरून कळत होते.

२३ जुलै रोजी ९९ विरुद्ध १०५ मतांनी सरकार पडले. आपले पूर्वसुरी रमेशकुमार यांनी २५ जुलैला तीन आणि २८ जुलैला चौदा अशा एकूण सतरा आमदारांना अपात्र ठरवले. पहिल्या तिघांत गोकाकचे रमेश जारकीहोळी आणि अथणीचे महेश कुमठळ्ळी होते, दुसऱ्या यादीत श्रीमंत पाटील. बेळगाव जिल्ह्यातील तीन जागा अशा चार दिवसांत रिकाम्या झाल्या. कागवाडची जागा २८ जुलैपासून पोटनिवडणुकीचा निकाल लागला त्या ९ डिसेंबरपर्यंत, म्हणजे १३४ दिवस रिकामी राहिली.

महोदय, हे १३४ दिवस कोणते होते, ते मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण न्यायालयाच्या निकालपत्रात किंवा सभागृहाच्या कामकाजात ते कुठेही आलेले नाहीत.

त्याच वर्षी उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडले होते आणि कोयनेचे पाणी सोडावे म्हणून अथणी-कागवाड भागातील लोक रस्त्यावर आले होते. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, तीच कृष्णा गावात शिरली. वर महाराष्ट्रात धो-धो पाऊस, कोयनेतून विसर्ग, खाली अलमट्टीचे फुगलेले पाणी, आणि मधे आम्ही. जुगुळ, मंगावती अशी नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली, कुडची-उगार पूल पाण्याखाली गेला, उसाच्या शेंड्यांवरून पाणी वाहू लागले. माणसे जनावरांसह गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा छावणीत, आली. ज्यांनी जनावरे सोडून यायला नकार दिला, त्यांना बोटीतून आणावे लागले. मी स्वतः शाळेच्या इमारतीतल्या केंद्रात नऊ दिवस नावे लिहिण्याचे काम केले, कारण निवृत्त मास्तरला अक्षर बरे असते असा गावाचा समज आहे.

त्या वेळी बेंगळुरूमध्ये मंत्रिमंडळ म्हणजे एकटे मुख्यमंत्री होते. येडियुराप्पा यांनी २६ जुलैला शपथ घेतली आणि त्यांच्या पहिल्या सतरा मंत्र्यांचा शपथविधी २० ऑगस्टला झाला. म्हणजे महापूर ओसरू लागेपर्यंत राज्याला महसूलमंत्री नव्हता, जिल्ह्याला पालकमंत्री नव्हता आणि अथणी, कागवाड, गोकाक या पुरात सापडलेल्या तिन्ही मतदारसंघांना आमदारही नव्हता. अधिकाऱ्यांनी काम केले नाही असे मी म्हणणार नाही. तहसीलदार आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) रात्री-अपरात्री केंद्रावर येत होते. पण पूर ओसरल्यावर जे सुरू झाले, तिथे आमदार लागतो. सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठी पाच लाख रुपये जाहीर केले आणि पडझडीची ए, बी, सी अशी वर्गवारी करून पंचनामे केले. ज्याचे घर ‘ए’मध्ये यायला हवे ते ‘सी’मध्ये गेले, तर तो दाद कुणाकडे मागणार? एरवी अशी माणसे सकाळी आमदाराच्या दारात उभी राहतात, आमदार फोन उचलून दोन शब्द बोलतो आणि फेरपंचनामा होतो. ही पद्धत आदर्श आहे असे मी नागरिकशास्त्राचा शिक्षक म्हणून कधीच म्हटले नसते, पण ती आहे, आणि त्या पावसाळ्यात आमच्यासाठी तीही नव्हती. माजी आमदार दिल्लीच्या न्यायालयात होते, त्यांचे प्रतिस्पर्धी पुढच्या उमेदवारीच्या विवंचनेत होते.

पोटनिवडणूक आधी २१ ऑक्टोबरला जाहीर झाली, मग न्यायालयीन प्रकरणामुळे ५ डिसेंबरवर गेली. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी ‘श्रीमंत बाळासाहेब पाटील विरुद्ध कर्नाटक विधानसभेचे अध्यक्ष’ या प्रकरणाचा निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, मात्र विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्यास बंदी घालण्याचा अध्यक्षांना अधिकार नाही, असे सांगितले. त्यामुळे ज्या मतदारांच्या कौलाचा भंग झाला असे ठरले, त्यांच्यापुढेच तेच आमदार तीन आठवड्यांत उमेदवार म्हणून उभे राहिले, या वेळी कमळ चिन्ह घेऊन. समोर राजू कागे होते, भाजप सोडून आलेले, हात चिन्ह घेऊन. दोन्ही चेहरे तेच, फक्त निशाण्यांची अदलाबदल झालेली. आमच्या गावातील एका वृद्ध बाईने मतदानाच्या आदल्या दिवशी मला विचारले की गुरुजी, मागच्या वेळी ज्याला मत दिले त्यालाच द्यायचे असेल तर कुठले बटण, आणि मागच्या वेळच्या पक्षाला द्यायचे असेल तर कुठले? चौतीस वर्षे शिकवूनही मला तिचे उत्तर चटकन देता आले नाही.

श्रीमंत पाटील निवडून आले. गोकाक आणि अथणीही भाजपकडे गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये आमचे आमदार कॅबिनेट मंत्री झाले, त्यांना वस्त्रोद्योग आणि अल्पसंख्याक कल्याण ही खाती मिळाली. ऑगस्ट २०२१ मध्ये नवे मुख्यमंत्री बोम्मई यांच्या मंत्रिमंडळात त्यांना स्थान मिळाले नाही, आणि मे २०२३ मध्ये राजू कागे यांनी काँग्रेसतर्फे त्यांचा पराभव केला. पाच वर्षांत तीन निवडणुका, प्रत्येक वेळी तीच दोन नावे.

इथे एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर हे पत्र ढोंगी ठरेल. २०१९ च्या पोटनिवडणुकीत मीही मंत्री होणाऱ्या उमेदवारालाच मत दिले. पुरात बुडालेल्या मतदारसंघाने विरोधी पक्षाचा आमदार निवडून देणे म्हणजे आणखी साडेतीन वर्षे दारोदार फिरणे, एवढाच माझा हिशेब होता. खिळेगाव बसवेश्वर उपसा सिंचन योजनेचे नाव मी तिन्ही निवडणुकांच्या प्रचारात ऐकले, आणि सत्तेच्या बाजूचा आमदार असला तर पाणी लवकर येईल, या आशेला मीही बळी पडलो. तेव्हा ‘लोकांनीच पुन्हा निवडून दिले, मग तुमची तक्रार काय?’ हा प्रश्न मला लागू पडतो. माझे उत्तर असे की तो कौल पक्षांतराला दिलेली मान्यता नव्हती. गळ्याशी पाणी आलेल्या माणसाने जी दोरी हाती लागली ती धरली.

शेजारच्या अथणीची कथा तर आणखी चमत्कारिक आहे. लक्ष्मण सवदी २००४, २००८ आणि २०१३ असे तीन वेळा भाजपतर्फे तिथून निवडून आले. २०१८ मध्ये काँग्रेसच्या महेश कुमठळ्ळी यांनी त्यांना हरवले. वर्षभरात कुमठळ्ळी भाजपच्या वाटेला लागले आणि हरलेले सवदी ऑगस्ट २०१९ मध्ये, कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसताना, थेट उपमुख्यमंत्री झाले. संविधानाने अशा मंत्र्याला सहा महिन्यांची मुदत दिली आहे, ती संपण्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये ते विधान परिषदेवर गेले. पोटनिवडणुकीत भाजपची उमेदवारी साहजिकच कुमठळ्ळी यांना मिळाली. २०२३ मध्येही सवदींना ती नाकारली गेली, तेव्हा एप्रिलच्या मध्यास ते काँग्रेसमध्ये गेले, १० मे रोजी मतदान झाले आणि कुमठळ्ळी यांच्यावर त्यांनी ७६ हजारांहून अधिक मतांनी विजय मिळवला. २०१८ मध्ये अथणीने सवदींना नाकारले होते, २०२३ मध्ये डोक्यावर घेतले, आणि मधल्या काळात ते विजयी आमदारापेक्षा मोठ्या पदावर होते. सवदींनी पक्ष बदलला तो निवडणुकीच्या तोंडावर, आपले विधान परिषदेचे सदस्यत्व सोडून, आणि नव्या चिन्हावर लोकांकडे कौल मागितला. या प्रकाराला मी कागवाडच्या प्रकारापेक्षा कमी दोष देतो. लोकांपुढे जाऊन पक्ष बदलणे आणि लोकांच्या मागे बदलणे यांत फरक केला पाहिजे.

आमच्या जिल्ह्याला हे नवे नाही. २००८ मध्ये भाजपला बहुमताला तीन जागा कमी पडल्या, तेव्हा ‘ऑपरेशन कमळ’ या नावाने जे प्रसिद्ध झाले त्यात हुक्केरीचे उमेश कत्ती आणि अरभावीचे बालचंद्र जारकीहोळी या निजदच्या दोन आमदारांनी राजीनामे दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत दोघेही भाजपतर्फे परत आले. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये येडियुराप्पांच्या नेतृत्वाविरुद्ध राज्यपालांना पत्र दिल्याबद्दल भाजपच्याच अकरा आमदारांना तत्कालीन अध्यक्ष बोपय्या यांनी विश्वासदर्शक ठरावाच्या आदल्या दिवशी अपात्र ठरवले. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, आणि त्या निकालालाही बालचंद्र जारकीहोळी यांचेच नाव आहे. पक्षांतराच्या कायद्याचे दोन महत्त्वाचे निकाल एकाच जिल्ह्यातील आमदारांच्या नावाने ओळखले जावेत, ही बेळगावची कीर्ती म्हणावी की काय, हे आपणच ठरवावे. बेळगावचे सध्याचे खासदार जगदीश शेट्टर एप्रिल २०२३ मध्ये भाजप सोडून काँग्रेसमध्ये गेले, जानेवारी २०२४ मध्ये परतले आणि काही महिन्यांतच आमच्या जिल्ह्याच्या मुख्यालयातून लोकसभेवर गेले. आम्ही मराठी माणसांनीही दुसऱ्यांकडे बोट दाखवू नये. २०१३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले होते, त्यांपैकी खानापूरचे अरविंद पाटील पुढे भाजपमध्ये गेले, आणि २०१८ व २०२३ मध्ये समितीला एकही जागा मिळाली नाही.

आता मूळ मुद्दा. दहावे परिशिष्ट मी पुन्हा शब्दशः वाचले. सदस्याने पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडले किंवा पक्षाचा व्हिप मोडून मतदान केले, तर तो अपात्र. २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने पक्षाचे एकतृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर ते पक्षांतर न मानण्याची पळवाट बंद केली आणि अपात्र सदस्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद घेता येणार नाही, असे सांगितले. पण या साऱ्यात अन्याय कोणावर झाला असे गृहीत धरले आहे? पक्षावर. पक्ष तक्रार करतो, पक्षाचा आमदार बाजू मांडतो, पक्षाच्या वकिलाचा युक्तिवाद होतो, आणि मतदाराचा उल्लेख निकालपत्राच्या प्रस्तावनेत लोकशाहीच्या गौरवापुरता येतो. ज्याचे मत घेऊन आमदार निघून गेला, त्याला त्या सुनावणीत बसायला बाकडेसुद्धा नाही.

पक्ष सोडणे हाच गुन्हा आहे, असे माझे म्हणणे नाही. पक्षाने भूमिका बदलली, नेतृत्व बिघडले, सद्सद्विवेकबुद्धीला पटेनासे झाले, तर सदस्याने बाहेर पडावे. व्हिपच्या दोरीला बांधलेला आमदारही लोकांच्या कामाचा नाही. २०१० च्या प्रकरणात न्यायालयाने नेत्यावरचा अविश्वास म्हणजे पक्षत्याग नव्हे असे म्हटले, ते मला योग्य वाटते. पण बाहेर पडणाऱ्याने कारण कोणाला सांगायचे? २०१९ मध्ये आमच्या आमदाराने कारण न्यायालयाला सांगितले, वाहिन्यांना सांगितले. कागवाडला सांगितले नाही.

म्हणून आपल्याकडे काही मागण्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांना घटनादुरुस्ती लागत नाही. सदस्याचा राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे की नाही, याची खात्री करण्याचा अधिकार संविधानाच्या कलम १९० ने आपणास दिला आहे. ती खात्री बंद दालनात करण्याऐवजी सदस्याचे लेखी निवेदन घेऊन ते त्याच्या मतदारसंघात, कन्नडमध्ये आणि जिथे मराठी मतदार आहेत तिथे मराठीतही, तालुका पंचायत आणि ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावे. अपात्रतेच्या याचिकेवर सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटले आहे. ही मुदत आपण सभागृहाच्या नियमांतच लिहून घ्यावी. एरवी अध्यक्षांची घाई आणि दिरंगाई कोणत्या सोयीने ठरते, हे आम्ही २०१० पासून पाहत आलो आहोत. सभागृहाबाहेरच्या व्यक्तीचा अर्जही ग्राह्य धरता येतो, असे त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये ओडिशाच्या प्रकरणात सांगितले. त्याचा आधार घेऊन मतदारसंघातील मतदारांना याचिकेत आपले म्हणणे मांडण्याची वाट नियमांत खुली करावी. आम्ही वकील आणणार नाही. आम्ही फक्त त्या महिन्यांत काय झाले ते सांगू.

आणखी एक मागणी आपल्यापुरती आहे. अध्यक्षपदी निवड झाल्यावर पक्षाचा राजीनामा दिल्यास तो पक्षत्याग समजू नये, अशी खास तरतूद दहाव्या परिशिष्टाच्या पाचव्या परिच्छेदात आहे. ही तरतूद अस्तित्वात येण्याच्या अठरा वर्षे आधी, १९६७ मध्ये, नीलम संजीव रेड्डी यांनी लोकसभेच्या अध्यक्षपदी येताच पक्ष सोडला होता. कोणत्याही पक्षाचा अध्यक्ष असो, त्याने दिलेला निकाल त्याच्या पक्षाच्या सोयीचा असला की लोक तो वाचतही नाहीत. २०१९ च्या निकालात न्यायालयाने अध्यक्षांच्या तटस्थतेविषयी जे परखडपणे लिहिले, ते आपल्या खुर्चीविषयी लिहिले आहे. आपण ते मनावर घ्याल असे वाटते.

आणि सर्वांत साधी मागणी, जिच्याविषयी कुठल्याच कायद्यात एक ओळ नाही. सदस्य अपात्र ठरला की जागा रिकामी होते, पण मतदारसंघ रिकामा होत नाही. टंचाईच्या काळात तालुक्याच्या टास्क फोर्सचे अध्यक्षपद आमदाराकडे असते. आमदारच नसेल तर त्या जागी कोण, नुकसानीच्या यादीवरची हरकत कोणी ऐकायची, आमदार निधीतील अर्धवट कामांवर कोणी लक्ष ठेवायचे, याची लेखी व्यवस्था जागा रिकामी झाल्याच्या दिवशीच आपल्या सचिवालयाने जिल्हाधिकाऱ्यांकडून जाहीर करून घ्यावी. कृष्णेला पूर २०२१ मध्येही आला आणि पुढेही येईल. त्या वर्षी पुन्हा सतरा आमदार कुठल्या रिसॉर्टमध्ये असतील की नाही, ते मला सांगता येत नाही.

हे पत्र मराठीत लिहिले आहे, कारण मला विचार त्याच भाषेत करता येतो. कन्नड प्रत सोबत जोडली आहे, ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तपासून दिली आहे. हिवाळी अधिवेशनाच्या काळात भेटीसाठी दहा मिनिटे मिळाल्यास मी आणि नदीकाठच्या गावांतील चार-पाच जण येऊ, आणि येताना २०१९ च्या गंजी केंद्रातील माझी वही घेऊन येऊ. तिच्यात नावे, जनावरांची संख्या आणि घरांच्या वर्गवारीवरच्या हरकती लिहिलेल्या आहेत. भेट शक्य नसल्यास निदान या पत्राची पोच मिळावी. ती कन्नडमध्ये असली तरी चालेल.

आपला,
कागवाड मतदारसंघातील एक मतदार
(निवृत्त माध्यमिक शिक्षक)